एकाला सांगाल ते सगळ्यांना

आमच्या खात्यात साधं बोलायची चोरी आहे. ‘वर सांगितलेलं’ असं कुणी लिहिलं तर सगळे त्याच्याकडे संशयानं बघतात. ‘उपरोक्त’ लिहिलं की माणूस हुशार. मी या खरेदी विभागात सत्तावीस वर्षं काढली आहेत. झाडूपासून रुग्णवाहिकेपर्यंत सरकारला जे जे लागतं ते आमच्या टेबलांवरून जातं, आणि ते विकू पाहणाऱ्याला आधी आमची भाषा शिकावी लागते. बहुतेकांना ती येत नाही. आपल्या कामात वाघ असलेली माणसं आमच्या कागदासमोर शेळी होतात आणि बाद होऊन घरी जातात.

म्हणून आमच्या विभागप्रमुखांनी मला बोलावलं. त्यांना आम्ही सगळे मोठ्या बाई म्हणतो. त्या म्हणाल्या, “या सगळ्या शब्दांची एक पुस्तिका करा. लहान कारागिराला वाचून कळेल अशी. तुम्ही तशाही खिडकीवर सगळ्यांना ओरडून समजावत असताच. तेच लिहून काढा, फक्त ओरडू नका.”

मी ओरडत नाही. माझा आवाज मोठा आहे.

पुस्तिका माझ्याकडे आली त्याच आठवड्यात वाचनालयाच्या टेबलांची निविदा निघाली. सार्वजनिक वाचनालयाची अभ्यासिका, टेबलं चोवीस. सूचना फलकावर लागून तास झाला नसेल, तोच फलकासमोर माझा दादा उभा. दादा सुतार आहे. चांगला सुतार आहे, हे मी बहीण म्हणून म्हणत नाही. बहीण म्हणून मी त्याला काय काय म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

याआधी तो दोनदा बाद झाला होता. पहिल्यांदा शाळेच्या कपाटांसाठी भरलं तेव्हा त्यानं दराचा कागद पहिल्याच लिफाफ्यात घातला. का, तर एका लिफाफ्यात मावत असताना दुसरा कशाला वाया घालवायचा. दुसऱ्यांदा नमुन्याची खुर्ची द्यायची होती, तीन वाजेपर्यंत. पॉलिशचा दुसरा हात ओला आहे म्हणून हा वाळायची वाट बघत बसला आणि तीन वाजून सहा मिनिटांनी पोचला. खुर्ची अशी होती की आमच्या शिपायाला तिच्यावरून उठवेना. पण सहा मिनिटं ती सहा मिनिटं. तेव्हा दादानं कानाला खडा लावला होता.

आता तो मला म्हणाला, “चिमणे, ही शेवटची. ही पण कागदावरच गेली तर पुन्हा तुमच्या दारात पाऊल ठेवणार नाही.”

चिमणी म्हणजे मी. वय बावन्न, वजन विचारू नका.

ही निविदा त्याला एवढी का हवी होती ते मला सांगायची गरज नव्हती. आमचं घर एका खोलीचं आणि माणसं पाच, म्हणून मी नोकरीच्या परीक्षेचा अभ्यास त्याच अभ्यासिकेत केला. तिथली टेबलं डुगडुगायची. इकडे कोपर टेकलं की तिकडची बाजू वर. अक्षर बिघडायचं, माझं डोकं फिरायचं. दादा शाळा सोडून एका सुताराकडे लागला होता. संध्याकाळी तो मला न्यायला यायचा आणि आधी टेबलाखाली शिरून कागदाची घडी पायाखाली सरकवायचा. सकाळी झाडलोट करणाऱ्या मावशी ती झाडून न्यायच्या. संध्याकाळी दादा नवी घडी घालायचा. दोन वर्षं हे चाललं. मी नोकरीला लागले ती त्या घड्यांवर.

“माझं सगळं काम लोकांच्या घरात जाऊन बंद होतं,” तो फलकासमोर म्हणाला. “एकदा तरी असं काही करायचंय की कुणीही आत यावं आणि बसावं.”

मी आत गेले आणि मोठ्या बाईंना लेखी दिलं की निविदा भरू पाहणारा एक जण माझा सख्खा भाऊ आहे. त्यांनी ती फाईल माझ्याकडून काढून घेतली. नियमच तसा आहे. पुस्तिकेत ‘हितसंबंध’ या शब्दापुढे मी लिहिलं: ‘वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठेही बसलं तरी चालतं, असं आपण म्हणतो. सरकारी कामात अशा वाढप्यानं हातातलं भांडं खाली ठेवायचं आणि बाहेर जाऊन बसायचं.’

लिहायला सोपं आहे. त्या रविवारी दादाकडे गेले, तर त्यानं कागदांचा गठ्ठा काढला.

“तांत्रिक लिफाफ्यात नेमकं काय काय घालायचं?”

“मला विचारू नकोस.”

“मग कुणाला विचारू? सख्खी बहीण त्या खात्यात आणि मी काय रस्त्यावरच्या माणसाला विचारू?”

“हो. तोच बरा.”

वहिनी चहा घेऊन आली. “वन्सं, एवढं तरी सांगून टाका. रात्रंदिवस तेच पुटपुटत असतात.”

“वहिनी, एकाला सांगितलं ते सगळ्यांना सांगावं लागतं. नऊ जणांनी फॉर्म नेलेत. ह्याला सांगायचं तर बाकीच्या आठांनाही इथे बोलावून चहा पाजावा लागेल.”

“येऊ देत की. साखर आहे घरात.”

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. सगळं मला येत होतं आणि ज्याला द्यायचं त्यालाच देता येत नव्हतं. मग मी एक केलं. पुस्तिका लिहायला बसले की दादाला समोर बसलेला धरायचं. तो कुठे अडेल, कुठे फाटे फोडेल, कुठे ‘मावत असताना कशाला’ म्हणेल, ते सगळं मला पाठ होतं. पुस्तिका नऊ जणांना जाणार होती, फलकावर लागणार होती, तेव्हा त्यात काही चोरी नव्हती.

‘दोन लिफाफे’ यापुढे लिहिलं: ‘पहिल्यात तुम्ही कोण आणि काम कसं करणार ते. दुसऱ्यात फक्त दर. मुलगी बघायला गेल्यावर दारातच कुणी देण्याघेण्याचं काढत नाही, तसं. पहिल्या लिफाफ्यात दर दिसला की निविदा बाद. लिफाफा वाया जातो म्हणून हळहळू नका.’ मोठ्या बाईंनी ‘हळहळू नका’ खाली रेघ मारली, पण ठेवलं.

‘अंतिम मुदत’ यापुढे: ‘तीन म्हणजे तीन. ओलं पॉलिश, पंक्चर आणि पाहुणे ही कारणं घड्याळाला कळत नाहीत.’

‘तपशील’ यापुढे: ‘वस्तू कशी हवी याचं वर्णन. त्यात नाही ते चांगलं असलं तरी स्वतःहून बदलू नका.’ ‘निविदापूर्व बैठक’ यापुढे: ‘शंका विचारायची एकमेव जागा. इथे विचारायला लाजू नका. तुम्हाला मिळालेलं उत्तर सगळ्यांना मिळेल.’ आणि ‘शुद्धिपत्रक’ यापुढे: ‘त्या उत्तरामुळे आमच्या कागदात काही बदललं तर तो बदल. तो आमच्या कागदाइतकाच खरा. जपून ठेवा.’

असे तीस शब्द झाले. एकतिसावा होता ‘सशर्त निविदा’, आणि तिथे माझा घात झाला.

त्यासाठी दादाची काम करायची रीत सांगायला हवी. दादा टेबल किंवा पलंग करतो तेव्हा पाय थोडे लांब ठेवतो. वस्तू जिथे राहायची तिथे नेऊन ठेवतो, पाचरी सरकवून पाणसळीनं सपाट करतो, मग एकच ठोकळा जमिनीवरून फिरवत चारही पायांवर पेन्सिलीची रेघ ओढतो आणि त्या रेघेवर कापतो. त्याचं म्हणणं, डुगडुगणं हा टेबलाचा दोष नसतोच, जमिनीचा असतो, आणि जमीन कारखान्यात नेता येत नाही. त्यामुळे तो आजवर कुणालाही दर लिहून देतो तेव्हा शेवटी एक ओळ असतेच: ‘पाय जागेवर कापीन. खोली दोन दिवस रिकामी हवी.’ गिऱ्हाइकं हसतात आणि खोली रिकामी करून देतात.

आता आमच्या भाषेत हीच सशर्त निविदा. आम्ही मागितलं नाही ते घालून ‘असं असेल तरच’ म्हणायचं. बाकी सगळं सोन्यासारखं असलं तरी बाद. मी उदाहरण म्हणून सुतारच लिहिला होता, पाय जागेवर कापणारा. लिहून झाल्यावर वाचलं तेव्हा कळलं. हे उदाहरण नव्हतं, हा दादाला मारलेला डोळा होता. खात्यात अर्ध्या लोकांनी दादाकडून काहीबाही करून घेतलंय. ती ओळ कुणाची हे शेंबडं पोरही ओळखेल. उद्या दादाला काम मिळालं तर लोक म्हणतील, बहिणीनं पुस्तक छापून भावाला शिकवलं. मी ती नोंदच खोडली. तीस शब्द पुरे आहेत, म्हटलं. स्वतःच्या सचोटीवर खूशही झाले. पुस्तिका छापून नऊ जणांना गेली.

पुढच्या रविवारी दादानं ती मला वाचून दाखवली. मीच लिहिलेली, मलाच. ‘हळहळू नका’वर तो इतका हसला की वहिनी बघायला आली.

“चिमणे, पहिल्यांदा सगळं कळलं बघ,” तो म्हणाला. “कागद तयार आहेत. दोन लिफाफे वेगळे. आता शेवटी माझी ओळ लिहिली की झालं.”

माझ्या हातातला कप तसाच राहिला.

“काय झालं?” वहिनी म्हणाली.

“काही नाही. चहा गोड झालाय,” मी म्हणाले आणि उठले. चपला उलट्या घालून जिना उतरले. आपलेच दात आणि आपलेच ओठ, ओरडणार कुणावर? सचोटी सचोटी करत मी नेमका तोच खड्डा उघडा ठेवला होता ज्यात माझा भाऊ पडणार, आणि आता हात धरून त्याला बाजूला घेता येत नव्हतं.

सोमवारी मी मोठ्या बाईंपुढे जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. शब्द होता, लिहिला होता, भावासाठी गाळला.

त्यांनी चष्मा काढला. “बाकी आठ जणांपैकी कुणाला माहीत नसेल तर?”

“तर तेही बाद होतील.”

“म्हणजे तुमच्या भावापायी तुम्ही आठ जणांचा शब्द खाल्लात. अहो, नात्यासाठी घालणं जेवढं चूक, तेवढंच नात्यासाठी गाळणं चूक. लिहा परत. पुरवणी काढा, नऊ जणांना पाठवा, फलकावर लावा. सुतार नको, रंगारी घाला.”

मी रंगारी घातला. ‘घर आधी रिकामं करून दिलंत तरच रंग देईन, असं निविदेत लिहिणारा रंगारी बाद होतो. त्याचं म्हणणं रास्त असेल. पण रास्त अट निविदेत लिहायची नसते, निविदापूर्व बैठकीत विचारायची असते.’ हाताएवढी एक चिठ्ठी झाली. ती टपालात पडेपर्यंत मी खिडकीवर चार जणांवर ओरडले. तेव्हा मात्र खरंच ओरडले.

दादाचा फोन नाही, काही नाही. गुरुवारी बैठक होती. मला आत जायची बंदी, म्हणून मी समोरच्या खोलीत बसले आणि उकडतंय म्हणून दार उघडं ठेवलं. उकडत नव्हतं.

बराच वेळ बाकीच्यांचे प्रश्न चालले. मग दादाचा आवाज आला. घसा साफ करून तो म्हणाला, “टेबलाचे पाय जागेवर कापायला मिळतील का? खोली दोन दिवस रिकामी लागेल.”

“का बरं?” मोठ्या बाईंनी विचारलं.

आणि दादा सांगत सुटला. त्या अभ्यासिकेची जमीन त्यानं आदल्या आठवड्यात गुडघ्यांवर रांगत मोजली होती. खिडकीकडे ती उतरती, दाराशी फुगलेली, मधे कुठेतरी फरशी बदललेली. सगळे पाय सारखे कापले तर चोविसातली अठरा टेबलं डुगडुगणार. मग त्यानं पाचरी सांगितल्या, पाणसळ सांगितली, ठोकळा सांगितला. कुणीतरी विचारलं, पाय किती लांब ठेवायचे? दादा म्हणाला, “दोन बोटं. कमी ठेवलेत तर खिडकीपाशी पस्तावाल.”

मला कागदावर पेनं चालल्याचा आवाज येत होता. आठ पेनं. तीस वर्षं गुडघे झिजवून मिळवलेलं माझा भाऊ त्या खोलीत वाटून टाकत होता आणि मला ओरडून सांगायचं होतं की गप्प बस, बैला, हातचं राखून बोल. पण राखून बोलला असता तर उत्तर मिळालं नसतं. तुम्हाला मिळालेलं उत्तर सगळ्यांना मिळेल, असं कुणी लिहिलं होतं? मीच.

दोन दिवसांनी शुद्धिपत्रक निघालं. पाय दोन बोटं लांब ठेवावेत, जागेवर कापावेत, खोली दोन दिवस रिकामी मिळेल. सगळ्यांसाठी.

निविदा उघडल्या त्या दिवशी दादा नवा सदरा घालून आला होता. पहिला लिफाफा उघडला, कागद मोजले, पात्र. अट नाही, खाडाखोड नाही. मी दारातून बघत होते. ‘पात्र’ ऐकल्यावर त्यानं शेजाऱ्याकडे बघून मान हलवली, जणू त्यालाच पेढे द्यायचे होते. मग दराचे लिफाफे फुटले. दादा दुसरा आला. पहिला आला वखारवाला. त्याचं लाकूड स्वतःचं, त्याचा दर आमच्या दादाला कुठून जमायचा?

संध्याकाळी मी दादाकडे गेले ती रडतच. मी एवढी कधी रडत नाही, मला राग येतो. पण त्या दिवशी राग कुणावर काढावा तेच सापडेना.

“तुझी रीत नेली रे त्यांनी,” मी म्हणाले. “मी ती चिठ्ठी काढली नसती तर...”

“तर मी पहिल्या लिफाफ्यालाच घरी आलो असतो,” दादा म्हणाला. “चिमणे, या वेळी शेवटच्या पानापर्यंत पोचलो. हरलो ते दरानं हरलो, मूर्खपणानं नाही.” मग थोडा वेळ तो रंध्याचं पातं पुसत बसला. “वाईट वाटलं. नाही कशाला म्हणू? टेबलं मला करायची होती.”

वहिनीनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

दीड महिन्यानं वखारवाला दादाच्या दुकानात आला. टेबलं तयार होती, पाय दोन बोटं लांब होते, आणि त्याच्या यंत्रावरच्या माणसांनी पहिल्या टेबलाचा एक पाय कापला, मग तो आखूड झाला म्हणून दुसरा, मग तिसरा. “तुम्ही सांगितलं तसंच केलं हो,” तो म्हणाला, “तरी ते बसायला तयार नाही.” दादानं त्याला चहा पाजला. खात्याची लेखी परवानगी घेऊन वखारवाल्यानं दादाला उपकंत्राटदार नेमलं. दोन दिवस, चोवीस टेबलं, फक्त पाय.

त्यातल्या दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी अभ्यासिकेत गेले. निविदेचा निकाल लागून गेला होता, आता मला कुणी अडवणार नव्हतं. भुशाचा वास, उघड्या खिडक्या, आणि दादा गुडघ्यांखाली पोतं घेऊन जमिनीवर. तेवीस टेबलं झाली होती. चोविसावं खिडकीजवळचं होतं, आमच्या जुन्या टेबलाच्या जागेवर. तिथेच जमीन सगळ्यात वाईट होती. त्यानं चौथ्या पायाची रेघ कापली, पाचरी काढल्या आणि टेबल हळूच खाली सोडलं.

“बस,” तो म्हणाला. “कोपर टेक. नीट टेक, पाहुण्यासारखी नको.”

मी दोन्ही कोपरं टेकली आणि अंगाचा सगळा भार टाकला. तो भार आता थोडाथोडका नाही. दादानं वरच्या खिशातून एक कागदाची घडी काढली, चार पदरी, कडेला मळलेली. टेबलाखाली शिरला. एका पायाखाली सरकवून बघितली, गेली नाही. दुसऱ्याखाली, तिसऱ्याखाली, चौथ्याखाली. मग घडी उलगडली आणि नुसता एकेरी कागद घालून बघितला. तोही कुठेच गेला नाही.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांत भुसा होता. हातातला कागद माझीच चिठ्ठी होती, रंगाऱ्याची.

“टाकून दे आता,” मी म्हणाले.

“टाकू कसा? जपून ठेवा असं लिहिलंयस तू.”

“ते शुद्धिपत्रकाचं लिहिलंय, गाढवा. ही पुरवणी आहे.”

“बरं,” दादा म्हणाला, आणि कागद टेबलावर ठेवून तळहातानं सपाट करू लागला. टेबल हललं नाही.